सबसिडी काढली की बंदरं आपोआप सुधारतात? उरण ते लोणी काळभोर एकदा नीट बघा

घाटपार:
मुक्तबाजार यांची परवाची पोस्ट आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरायला लागलीये आणि लोक खाली टाळ्या वाजवतायत, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंधनाची सबसिडी हेच सगळ्याचं मूळ दुखणं, आपण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल मोकळं केलं, नायजेरियाने मे २०२३ मध्ये पेट्रोलची सबसिडी एका भाषणात संपवली, आणि सबसिडी गेली की बंदर, टाक्या, पाइपलाइन हे सगळं बाजार स्वतःच उभं करतो. शेवटचं वाक्य होतं, 'ज्याला परवडत नाही त्याने एसटीने जावं.'

मी आयुष्य लिक्विड टर्मिनलवर, म्हणजे जहाजातून तेल-गॅस उतरवून साठवतात तिथे, काढलंय, आधी उरणच्या बाजूला, मग नायजेरियात लागोसला, आपापा बंदराच्या टँक फार्मवर (तेलाच्या टाक्यांच्या तळावर), आता तळेगावात स्थिरावलोय. त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

सबसिडी असावी की नसावी यावर भांडायच्या आधी एवढं विचारा की तिचे पैसे कुठे अडकतात. गॅसचं बघा. जानेवारी २०१५ पासून देशभर पहल आली, सिलिंडर पूर्ण भावात घ्यायचा आणि सबसिडी ग्राहकाच्या बँकेत. कंपनीच्या हातात पूर्ण पैसे आले की उरणला लागलेल्या जहाजाचं बिल वेळेत जातं, आणि उरण-चाकण-शिक्रापूर अशी गॅसची पाइपलाइन टाकायची हिंमत होते. सबसिडी चालूच होती की तेव्हा! त्याच्या आधी, २००५ ते २०१० च्या काळात काय चाललं होतं? भाव गोठवलेले आणि कंपन्यांच्या हातात ऑइल बाँड, म्हणजे रोख भरपाईऐवजी सरकारचे कर्जरोखे. बाँड दाखवून कोणी जहाज रिकामं करून देत नाही, त्याला डॉलर लागतात, मग बाँड पडत्या भावात विका नाहीतर कर्ज काढा. पुढे बाँड थांबले तरी २०१२-१३ ची अंडर-रिकव्हरी, म्हणजे हिशोबातल्या भावापेक्षा कमी मिळालेली रक्कम, १,६१,०२९ कोटी होती, त्यातले काही सरकार देणार आणि तेही उशिरा, काही सरकारी ओएनजीसीने सवलतीत क्रूड (कच्चं तेल) देऊन भरायचे. अशा वेळी कात्री कशाला लागते? पगाराला लागत नाही, जहाजाच्या पेमेंटला लागत नाही. नवीन टाकी पुढच्या वर्षी, जेट्टीवरचे अनलोडिंग आर्म बदलायचे ते पुढच्या वर्षी, फायर लाइन वाढवायची ती पण पुढच्या वर्षी. टाकी नाही म्हणजे अलेज (माल घ्यायला रिकामी जागा) नाही, अलेज नाही म्हणजे जहाज बाहेर नांगर टाकून उभं, आणि लेटाइम (माल उतरवायची ठरलेली मुदत) संपला की डेमरेज (जहाज खोळंबल्याचा दंड) सुरू. ते पैसे कुठल्याही सबसिडीच्या आकड्यात येत नाहीत पण देतो आपणच.

आता नायजेरिया. तिथे आयात करणारे सबसिडीच्या परताव्यासाठी महिनोन् महिने थांबायचे, बँकेचं व्याज चढायचं, मग माल मागवणंच बंद करायचे आणि पंपावर रांगा. २०१२ च्या त्यांच्या संसदीय चौकशीत निघालं की रोज साडेतीन कोटी लिटर खपत असताना जवळपास सहा कोटी लिटरवर सबसिडी उचलली जात होती, न आलेल्या मालावरसुद्धा. हे भयानक होतं, काढायलाच हवं होतं, त्यावर वाद नाही. बेनिनला जाणारी तस्करी त्याने घटली हेही मान्य. पण २०२३ ला भाव २०० नायराच्या आतून जुलैपर्यंत ६१७ वर गेला, त्याने आपापाचा टँकरनी तुंबलेला रस्ता मोकळा झाला का? फुटलेल्या पाइपलाइन सांधल्या गेल्या का? माल अजून टँकरनेच हजार-हजार किलोमीटर उत्तरेला जातो. चित्र बदलायला लागलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये उद्योगपती दांगोटेंच्या रोज साडेसहा लाख बॅरलच्या रिफायनरीतून पेट्रोल सुटल्यावर, आणि ती रिफायनरी सबसिडी चालू असतानाच बांधली गेली. म्हणजे भाव मोकळा केल्याने चोरी थांबते, जेट्टी बांधून होत नाही. जेट्टी बांधायला कोणीतरी वीस वर्षांचा विचार करून पैसे घालावे लागतात.

मुक्तबाजार:
माझ्या पोस्टला एवढं मोठं उत्तर दिलंत त्याबद्दल आभार, पण तुम्ही दिलेली सगळी उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. भाव गोठवला, बाँड दिले, टाक्या रखडल्या. गोठवला कोणी? सरकारने. कशासाठी? मतांसाठी. मी तेच म्हणतोय. रिलायन्सने मार्च २००८ मध्ये १,४३२ पंप बंद केले, कारण सरकारी पंपाला भरपाई मिळणार आणि खासगीला शून्य. त्यांच्या जामनगर रिफायनरीचं डिझेल मग जहाजात भरून बाहेर गेलं. जे पैसे इथे डेपो आणि पाइपलाइनमध्ये यायला हवे होते ते गेले बाहेर.

आणि चोरीचं तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत. माझे वडील पुरवठ्याच्या कामात होते, नाशिककडे बरीच वर्षं. रेशनचं रॉकेल डिझेलच्या निम्म्याहून कमी भावात, दोन्हीची टाकी एकाच परिसरात, अजून काय पाहिजे भेसळवाल्याला? मनमाडजवळ पानेवाडीला २५ जानेवारी २०११ ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना जिवंत जाळलं, कारण त्यांनी भेसळ चालू असताना तिथे गाडी थांबवली. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही. वडील निवृत्त झाले होते तरी दारावर कोणी आलं की आई आधी खिडकीतून बघायची. तुम्ही म्हणता पैसे कुठे अडकतात ते विचारा. मी म्हणतो माणूस कुठे मेला ते विचारा. दोन भाव ठेवले की मधल्या फरकावर जगणारे लोक तयार होतात, मग भेसळ ओळखायला रॉकेलमध्ये मार्कर घाला, निळा रंग घाला, काही होत नाही. २०१६ पासून रॉकेल आधी महिन्याला, मग पंधरवड्याला २५ पैशांनी वाढवत नेलं, २०२० पर्यंत सबसिडी शून्य झाली आणि तो धंदा आटला. हे बाजाराने केलं, टाकी बांधून नाही झालं.

घाटपार:
सोनवणेंबद्दल एक अक्षरही वेगळं बोलणार नाही. रॉकेलचं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे.

पण २०१४ नंतर डिझेल 'मोकळं' झालं हे कुठलं? नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२ भाव हलला नाही, उत्तर प्रदेशची निवडणूक होती, मध्ये क्रूड कुठल्या कुठे गेलं. कागदावर कुठेही सबसिडी नाही, बाँड नाही, अर्थसंकल्पात ओळ नाही. मग एप्रिल २०२२ पासून पुन्हा गोठला. हे जुन्यापेक्षा वाईट आहे, जुन्यात निदान आकडा तरी छापून यायचा.

पंपवाला_पाटस:
एसटीने जावं म्हणणाऱ्या साहेबांनी मार्च २०२२ मध्ये आमच्या पंपावर यायला पाहिजे होतं, एसटीच तिथे उभी होती!

सांगतो काय झालं. मोठ्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे एसटी, कारखाने, खडी क्रशर यांचा भाव वेगळा असतो, तो सोडला मोकळा. मुंबईत बल्क डिझेल १२२ रुपये ५ पैसे आणि पंपावर ९४ रुपये १४ पैसे. अठ्ठावीस रुपयांचा फरक एका लिटरला, डिझेल तेच, टाकी तीच, लोणी काळभोरच्या तेल डेपोतून तोच टँकर. मग एसटीने आगारातला पंप बंद केला आणि गाड्या पाठवल्या आमच्यासारख्या पंपांवर, संप चालू होता तरी जेवढ्या सुटायच्या तेवढ्या यायच्या. त्यांच्या मागे क्रशरवाले पिंप घेऊन, त्यांच्या मागे टॉवरच्या जनरेटरवाले. आमची टाकी जी दोन दिवस चालायची ती दुपारी ड्राय. इंडेंट (मालाची मागणी) टाकला तर डेपोत नंबर लागेना, आगाऊ पैसे भरलेले असून. कंपनीला पण दर लिटरला खोट, ती कशाला पळून माल देईल? २०१३ ला पण हेच केलं होतं, जानेवारीत बल्क मोकळं केलं आणि एसटी पंपावर आली, कोणी काही शिकलं नाही. शेतकरी ट्रॅक्टरला डिझेल मागायला आला की आमचा पोऱ्या नाही म्हणणार आणि शिव्या आम्ही खाणार.

जूनमध्ये तर खासगी कंपन्यांच्या पंपांनी हात आखडते घेतले तेव्हा सरकारला हुकूम काढावा लागला की पंप चालू ठेवायचा म्हणजे ठेवायचा. हा तुमचा मोकळा बाजार.

आणि एक्साइजचं कोणी बोलत नाही. ३ नोव्हेंबर २०२१ ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी, डिझेलची एक्साइज दहा रुपयांनी कमी. दिवाळीत डेपो बंद म्हणून आम्ही टाक्या भरून ठेवलेल्या, वाढीव एक्साइज देऊन. वीस हजार लिटर डिझेल असेल तर एका रात्रीत दोन लाख गेले. २१ मे २०२२ ला परत तेच, शनिवारी रात्री. रविवारचा साठा आमच्या उरावर. गिऱ्हाईक खूश, टीव्हीवर बातमी, आणि डीलरचं कमिशन २०१७ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत तसंच.

खातेवही:
घाटपार यांनी अंडर-रिकव्हरी हा शब्द तोटा असल्यासारखा वापरलाय, तो तोटा नाही. २००६ पासून पेट्रोल-डिझेलचा रिफायनरीतला भाव ट्रेड पॅरिटीने धरतात, ८० टक्के आयात भाव आणि २० टक्के निर्यात भाव. म्हणजे मुंबईत माहुलच्या रिफायनरीत क्रूड शुद्ध करून तिथेच टाकीत भरलेल्या डिझेलच्या भावातसुद्धा आखातातून इथपर्यंतचं जहाजभाडं, विमा, बंदराचं शुल्क, वाटेतली घट असं सगळं कागदावर चढवलेलं असतं. जे डिझेल कधी जहाजात बसलंच नाही त्याचं भाडं. त्या कागदी भावापेक्षा कमी मिळालं की अंडर-रिकव्हरी. म्हणून १,६१,०२९ कोटी म्हणजे तेवढं रक्त सांडलं असं नाही. त्या वर्षांतही कंपन्यांच्या ताळेबंदात नफा दिसतो. आणि २०२३-२४ मध्ये तीन कंपन्या मिळून ८० हजार कोटींच्या वर कमावून बसल्या, तेव्हा भाव किती उतरला? मार्च २०२४ ला दोन रुपये, लोकसभेच्या तोंडावर. तोटा झाला की देशाचा आणि नफा झाला की कंपनीचा, असं चालणार नाही.

घाटपार:
खातेवही, पेट्रोल-डिझेलपुरतं तुमचं म्हणणं घेतो, जुन्या आकड्यात हवा होती. पण एप्रिल-जून २०२२ मध्ये एचपीसीएल या सरकारी तेल कंपनीने एका तिमाहीत १०,१९७ कोटींचा तोटा दाखवला, तो ताळेबंदातला होता, कागदी नव्हता. आणि गॅसला तुमचा हिशोब लागूच होत नाही. देशात लागणारा साठ टक्क्यांच्या आसपास गॅस खरोखर जहाजाने येतो, सौदी, यूएई, कतार, कुवेत इथून, डॉलर मोजून. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना २२ हजार कोटी द्यावे लागले ते त्याच खड्ड्यासाठी. आणि ते आले कधी? खड्डा पडून दोन वर्षं झाल्यावर.

सिंहगड_रोड:
बंदर, डेमरेज सगळं ठीक आहे हो, पण आपल्या टाकीत आज काय जातंय ते बघा आधी. ई२० ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, गाडीची वाट लागलीये. माझी २०१४ ची गाडी, धायरी ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, आधी जो ॲव्हरेज मिळायचा तो आता स्वप्नात. मेकॅनिक म्हणतो रबरी पाइप बदला, फ्युएल पंप बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी, वीस टक्के मिसळलं म्हणजे साडेसहा-सात टक्के ऊर्जा गेली, हे साधं गणित आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या चारचाकीत सहा-सात टक्के फरक पडेल. मग भाव का तोच? इथेनॉल बनवणाऱ्या साखर कारखानदारांना पोसायला माझ्या खिशातून काढलेले पैसे आहेत हे. खरी सबसिडी ही, आणि ती मी देतोय, विचारलं कोणी मला?

ऊस_इंदापूर:
आला का ऊस! पुण्यात कशावरही चर्चा असो, शेवटी ऊसवाल्याच्या बोकांडी. कारखानदार कारखानदार करता, तिथे ऊस आमचा जातो. इथेनॉल नव्हतं तेव्हा एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, चौदा दिवसांत द्यायचा कायदा फक्त कागदावर होता, माझ्या थोरल्या भावाची दोन हंगामांची बिलं अडकली होती, पोरीचं लग्न पुढे ढकललं. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला ३१ रुपये केला, त्यानंतर एफआरपी कितीदा वाढली मोजा. साखर गोडाऊनमध्ये पडून, बँकेचं व्याज चालू. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या महिन्याच्या आत देतात म्हणून आमची बिलं निघायला लागली. तुमच्या गाडीचा ॲव्हरेज दीड किलोमीटरने उतरला तर लगेच वाट लागली, आणि आमची पिढ्यान् पिढ्या लागली त्याचं काय?

सिंहगड_रोड:
दादा तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण शेतकऱ्याला द्यायचे तर सरकारने उघडपणे द्यावेत, अर्थसंकल्पातून, मी टॅक्स भरतो त्यातून. माझ्या इंजिनातून का? आणि मला ई० किंवा ई१० चा पर्याय तरी ठेवा, जास्त पैसे देईन. पर्यायच नाही.

ऊस_इंदापूर:
उघडपणे दिले की तुम्हीच म्हणणार शेतकरी फुकटे झाले. वर बघा, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय फुकट्यांबद्दल, ज्याला परवडत नाही त्याने एसटीने जावं. एसटी आमच्या गावाला दिवसातून किती येते ते या बघायला. आणि आम्हाला पण कुठे कायमची हमी आहे? ७ डिसेंबर २०२३ ला एक हुकूम, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद, साखर महागली म्हणून. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी टाकलेल्या, त्या तशाच उभ्या. ऑगस्ट २०२४ ला परत चालू. भाव पण सरकार ठरवणार, रसाचं ६५ रुपये ६१ पैसे, आणि मका-तांदळाचं वेगळं. यात बाजार कुठे आहे मुक्तबाजार साहेब, सांगा जरा. आमच्याकडे तर दोन्हीकडून मार आहे.

मुक्तबाजार:
मी इथेनॉलच्या बाजूने कधीच नव्हतो. उजनीचं पाणी उसाला, ऊस डिस्टिलरीला, डिस्टिलरी पेट्रोलला, यातलं एकही पाऊल खऱ्या किमतीवर चालत नाही. पाण्याला किंमत नाही, विजेला किंमत नाही. सोलापूरला नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते विचारा तिथल्या लोकांना.

ऊस_इंदापूर:
पुण्याने आधी खडकवासल्याचं पाणी किती उचलायचं ते ठरवावं, मग उजनीवर बोलावं. तुमचं सांडपाणी मुळा-मुठेतून आमच्याकडेच येतं, त्यावर आम्ही ऊस काढतो. ते पण फुकट घेतो म्हणायला कमी करणार नाही तुम्ही.

सिंहगड_रोड:
विषय कुठून कुठे नेताय. मी पाण्यावर बोललो का?

पंपवाला_पाटस:
ई२० वर शिव्या पण आम्हालाच, म्हणून बोलतो. इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून थोडं जरी पाणी गेलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं आणि नोजलमधून तेच येतं. पूर्वी थोडंफार पाणी तळाला राहायचं, डिप (मोजपट्टी) लावली की कळायचं आणि उपसून टाकायचं. आता पूर्ण टाकी बाद. एका पावसाळ्यात आमच्या शेजारच्या पंपावर दुचाक्यांची रांग लागली बंद पडलेल्या, लोक अंगावर धावून आले पोराच्या. कंपनीचा अधिकारी आला, म्हणाला टाकीची देखभाल तुमची जबाबदारी. टाकी कंपनीची आहे, जमिनीखालची!

घाटपार:
धागा इथेनॉलवर गेलाच आहे तर टर्मिनलच्या बाजूने एक सांगतो, कारण हे कोणी लिहीत नाही. जे पाणी धरण्याचं पंपवाले म्हणतायत त्याच कारणाने इथेनॉल पेट्रोलच्या पाइपलाइनमधून आणत नाहीत. मुंबईहून लोणी काळभोर आणि पुढे सोलापूरजवळ पाकणीपर्यंत पाइपलाइन आहे, तिने घाटातले किती टँकर वाचवले. आता पेट्रोलच्या पाचव्या हिश्श्याएवढा माल कारखान्यांकडून टँकरने डेपोत येतो, वेगळी टाकी लागते, उतरवायला वेगळी जागा लागते, मग गॅन्ट्रीवर (टँकर भरतात तिथे) मिसळून परत टँकरमध्ये. लोणीच्या रस्त्यावर, उरुळीपर्यंत, आत जाणारे टँकर आणि बाहेर पडणारे टँकर एकाच वेळी उभे असतात, आणि त्यात यवत-पाटसकडून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या हंगामात. धोरण आधी आलं, वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर ओढलं, आणि टाक्या, पार्किंग, रस्ता मागून. इंदापूरच्या दादांचं म्हणणं मला पटतं की पैसे वेळेत मिळाले तर लोक टिकतात. सिंहगड रोडवाल्यांचंही पटतं की बोजा लपवून टाकलाय. दोघांचं भांडण एकमेकांशी नाहीये.

ऊस_इंदापूर:
आमचं भांडण कोणाशी आहे ते आम्हाला कळतं, समजवायची गरज नाही.

अनुराधा_कसबा:
इतका वेळ वाचतेय, एकाही माणसाने स्वयंपाकघराचा विचार केलेला नाही. मी कसब्यात डबे करते, विद्यार्थ्यांचे आणि काही एकट्या आजी-आजोबांचे. मला एकोणीस किलोचा कमर्शियल सिलिंडर घ्यावा लागतो, १८ टक्के जीएसटी, आणि त्याचा भाव बाजाराप्रमाणे दर महिन्याला वरखाली. घरगुती चौदा किलो दोनशे ग्रॅमचा, जीएसटी ५ टक्के, भाव महिनोन् महिने जागच्या जागी. माझ्या गल्लीतल्या टपऱ्या, मोठी हॉटेलं सुद्धा, घरगुती वापरतात, नळी लावून एकातून दुसऱ्यात भरतात, बंद खोलीत. मी नियमाने घेते म्हणून माझा डबा महाग, आणि गिऱ्हाईक मला म्हणतं समोरचा पंधरा रुपयांनी स्वस्त देतो. तक्रार केली तर उत्तर आलं, पुरावा द्या. मुक्तबाजार यांचं दोन भावांचं म्हणणं मला रोज दिसतं, ते खरं आहे. पण सगळ्यांना बाजारभाव करा म्हणाल तर माझ्याकडे भांडी घासायला येणारी जनाबाई परत लाकडावर जाईल. तिला उज्ज्वलाचे ३०० रुपये मिळतात म्हणून ती वर्षातून थोडे तरी सिलिंडर भरते.

मला एवढंच विचारायचंय की आखातात काही झालं, जहाज अडकलं, तर पुण्यात गॅस किती दिवस पुरेल? कोणाकडे साठा आहे?

घाटपार:
ताई, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे. क्रूडचा सरकारी राखीव साठा आहे, विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर मिळून ५३ लाख ३० हजार टन, जमिनीखालच्या गुहांमध्ये. गॅसचा तसा नाही. गॅसच्या मोठ्या गुहा म्हणजे विशाखापट्टणमची ६० हजार टनांची आणि मंगळूरची ८० हजार टनांची, आणि त्या रोजच्या धंद्याच्या आहेत, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या नाहीत. आपल्याकडचा गॅस उरणला उतरतो, पाइपने चाकण-शिक्रापूरला येतो, भरला जातो, निघून जातो. मध्ये साठून राहायला फार जागाच नाही. आणि जागा का नाही? कारण भरलेली टाकी म्हणजे अडकलेले पैसे, आणि ज्या कंपनीचे सिलिंडरमागचे पैसे सरकारकडे दोन-दोन वर्षं अडकतात ती रिकाम्या टाकीत अजून पैसे घालत नाही. हाच मुद्दा मी पहिल्या पोस्टपासून मांडतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये परत ३० हजार कोटी मंजूर झाले गॅसच्या तुटीसाठी. ती रक्कम वेळच्या वेळी गेली असती तर त्यातल्या व्याजात इथे टाक्या उभ्या राहिल्या असत्या.

श्रीलंकेचं २०२२ चं विसरू नका. तेलाची जहाजं कोलंबोबाहेर भरलेली उभी होती आणि द्यायला डॉलर नव्हते. टर्मिनल होतं, टाक्या होत्या, लोक रांगेत होते. तिथेही आधी वर्षानुवर्षं तोट्यात विकून सरकारी तेल कंपनी पोखरलेली होती.

मुक्तबाजार:
अनुराधाताईंच्या जनाबाईंना ३०० रुपये थेट खात्यात देण्याला माझा विरोध नाही, आधीही नव्हता. एसटीचं वाक्य मी पोस्टमधून काढून टाकतोय, ते बोचलं असेल तर बोचू दे पण त्याने मुद्दा भरकटतो. भाव गोठवणं ही सबसिडीच आहे हे तर मी म्हणतच होतो, तुम्ही फक्त ते जास्त शब्दांत लिहिलंत. पण घाटपार, एका प्रश्नाला तुम्ही बगल देताय. गॅसला ग्राहक नंबर आहे, खातं आहे. डिझेलला काय? ट्रकवाला, ट्रॅक्टरवाला, लाँचवाला आणि फॉर्च्युनरवाला एकाच नोजलवर येतो. खात्यात कोणाच्या टाकणार? नाही टाकता येत. म्हणून डिझेलला एकच उत्तर, भाव मोकळा आणि रोज बदलता, जसा जून २०१७ ला केला होता आणि मग गुपचूप बंद पाडला.

घाटपार:
बगल देत नाहीये. डिझेलला खात्यातली सबसिडी जमणार नाही, हे बरोबर. मच्छीमारांना राज्य सरकार डिझेलच्या करातला परतावा देतं आणि त्याचे पैसे किती थकतात ते कुठल्याही बंदरावर जाऊन ऐका. मग भाव हलू द्या, पण क्रूड एकदम उसळलं तर सरकारने एक्साइज कमी करून ती झीज स्वतःच्या खात्यात घ्यावी, छापून, आकड्यासकट. कंपनीला फोन करून भाव धरून ठेवायला सांगू नये. आणि बल्क-रिटेल असे दोन भाव कधीच नकोत, ते मार्च २०२२ ने दाखवलं. खासगी पंपाला आणि सरकारी पंपाला नियम एक. आणि जेट्टी, टाकी, पाइपलाइन याला बाजार पैसे घालेल तेव्हा घालेल, तोवर बंदराच्या मास्टर प्लॅनमध्ये राखीव साठ्याची जागा सरकारनेच धरावी, कारण पाच वर्षांतून एकदा लागणाऱ्या टाकीचं भाडं कुठलाही खासगी माणूस भरणार नाही.

मुक्तबाजार:
राखीव साठा सोडून बाकी चालेल. राखीव साठ्यावर वेगळा धागा काढा, तिथे भेटू.

खातेवही:
एक्साइज कमी करा म्हणताना राज्याचा व्हॅट विसरू नका. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये सोडले, तोपर्यंत पाटस-दौंडकडचे ट्रकवाले कर्नाटकात टाकी भरून यायचे. तो पण दोन भावांचाच खेळ आहे, फक्त राज्याच्या सीमेवर.

पंपवाला_पाटस:
एक्साइज कमी करायची ती करा, आमची ना नाही. पण ज्या रात्री कराल त्या रात्री प्रत्येक पंपाच्या टाकीतला साठा ऑटोमेशनवर कंपनीला दिसतो, लिटरपर्यंत दिसतो. त्या साठ्यावर आम्ही आधी भरलेली एक्साइज परत द्या, दुसऱ्या दिवशी खात्यात. उज्ज्वलाचं दहा कोटी लोकांना देता येतं, पंप तर देशात लाखभरच आहेत.